मैदान सुटल्यानंतरची वर्षे : व्यावसायिक खेळाडूची दुसरी कारकीर्द आणि एजंटाशी करार

व्यावसायिक खेळाडूची मैदानावरची कारकीर्द विशीच्या सुरुवातीला उभी राहते आणि तिशी ओलांडता ओलांडता संपते. त्याच्या वर्गातली मुले त्याच वयात कुठे नोकरीत कायम होत असतात, कुठे ठिबक टाकून हळदीचे क्षेत्र वाढवत असतात. खेळाडू मात्र तेव्हाच निवृत्त होतो. कमावण्याची पंचवीस-तीस वर्षे अजून पुढे असतात आणि जवळ असतात दुखरा गुडघा, काही चषक आणि प्रमाणपत्रांची पिशवी. औंढा नागनाथसारख्या तालुक्यातून लीगपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूपुढे हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण शहरी क्लब, ओळखीचा वकील, करसल्लागार यांपैकी त्याच्या पाठीशी बहुधा कोणीच नसते.

अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये या प्रश्नाचा विचार फार आधी सुरू झाला. तिथे तीन हंगाम पूर्ण करणारा खेळाडू निवृत्तिवेतनाला पात्र होतो. नव्याने येणाऱ्या खेळाडूंसाठी पैसा, करार आणि वागणूक यांचे प्रशिक्षण १९८६पासून दिले जाते. खेळाडूंच्या संघटनेची मान्यता असल्याशिवाय कोणालाही एजंट म्हणून काम करता येत नाही, आणि एजंटाला खेळाडूच्या पगारातून जास्तीत जास्त ४ टक्के घेता येतात. एवढी व्यवस्था असूनही अँटॉइन वॉकर यांनी कारकिर्दीत १० कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि २०१०मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. याउलट ज्युनियर ब्रिजमन यांचा पगार त्या लीगच्या मानाने बेताचाच होता. त्यांनी खेळत असतानाच सुट्टीच्या दिवसांत ‘वेंडीज’च्या उपाहारगृहांत काम करून धंदा समजून घेतला आणि निवृत्तीनंतर शंभराहून अधिक उपाहारगृहांचे मालक झाले. दोघांतला फरक कमाईने पडलेला नाही. एकाने दुसरे काम शिकायला खेळ संपण्याची वाट पाहिली नाही, एवढाच तो फरक आहे.

महाराष्ट्रात बास्केटबॉलची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. त्यांना १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या पिढीचे खेळाडू हौशी होते. पोट नोकरीवर चाले आणि खेळ त्या नोकरीच्या आधाराने चाले. व्यावसायिक लीगचा प्रयत्न पुढे यूबीए या नावाने २०१५मध्ये झाला. त्यात ‘पुणे पेशवाज’ आणि ‘मुंबई चॅलेंजर्स’ असे संघ होते. चार हंगामांनंतर, २०१७मध्ये ती लीग बंद पडली. तिच्या भरवशावर नोकरीची संधी सोडणाऱ्या खेळाडूकडे दोन वर्षांत लीगही उरली नसती आणि नोकरीही. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडून निवडला गेला आणि एनबीए संघाने निवडलेला पहिला भारतीय ठरला. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२०मध्ये उत्तेजक सेवनाबद्दल त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि त्याने व्यावसायिक कुस्तीच्या मनोरंजन क्षेत्रात नवे काम शोधले. पंचविशीच्या आतबाहेर कारकीर्द बदलावी लागते, ती अशी.

मराठी मुलखातला खरा व्यावसायिक सांघिक खेळ आज कबड्डी आहे. त्यापाठोपाठ खो-खो. प्रो कबड्डी लीग २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८मध्ये बोली कोटीच्या पुढे गेली. महाराष्ट्राच्या रिशांक देवाडिगाला त्या वर्षी १ कोटी ११ लाख मिळाले. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईवर २०१९मध्ये १ कोटी ४५ लाखांची बोली लागली, २०२२मध्ये त्याच खेळाडूची बोली २० लाखांवर आली आणि २०२३मध्ये पुन्हा १ कोटीवर गेली. हे आकडे तरुण खेळाडूने आणि त्याच्या वडिलांनी शेजारी शेजारी लिहून पाहावेत. बोली एका हंगामाची असते. ती पगार नाही आणि पुढच्या वर्षीची हमी तर मुळीच नाही. लीगच्या मोठ्या आकड्यांखाली सर्वात खालच्या गटात ९ लाखांच्या मूळ किमतीवर थांबलेले अनेक खेळाडू असतात आणि बोलीच न लागलेले त्याहून अधिक. अल्टिमेट खो-खो लीग तर २०२२मध्ये पुण्यात सुरू झाली. तिच्या खेळाडूंनी लीगचे वय अजून फारच कमी आहे हे लक्षात ठेवावे.

नोकरी आणि कागद

निवृत्त खेळाडूच्या दुसऱ्या कारकिर्दीचा सर्वात भक्कम आधार महाराष्ट्रात अजूनही सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातली नोकरी हाच आहे. खाशाबा जाधव यांनी १९५२मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक पदक मिळवले; १९५५मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. मराठवाड्यातली अलीकडची उदाहरणे अधिक जवळची आहेत. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक कांस्य पदकानंतर पोलीस उपअधीक्षक झाले. धाराशिवच्या सारिका काळे यांनी भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले, २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम केले आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळवला. एकेकाळी दिवसातून एका वेळच्या जेवणावर आपण खेळलो, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. अशा घरातल्या मुलीला नोकरी मिळणे म्हणजे काय असते, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. पोलीस भरतीत खुल्या प्रवर्गाची कमाल मर्यादा २८ आणि मागास प्रवर्गाची ३३ असते. खेळाडूला त्यापुढे ही सूट मिळते. पद जितके वरचे, तितकी स्पर्धेची पातळी वरची मागितली जाते. इथे लीगच्या खेळाडूची मोठी फसगत होते. आरक्षणासाठी मान्यताप्राप्त संघटनांच्या अधिकृत राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली कामगिरी धरली जाते. लीगचा करंडक, दूरचित्रवाणीवरचे नाव, लाखोंची बोली यांना तिथे तसे वजन नाही. म्हणून लीगमध्ये निवड झाली तरी जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघातून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा खेळणे सोडू नये. लीगचे पैसे एका वर्षाचे असतात, राष्ट्रीय स्पर्धेतल्या पदकाचे प्रमाणपत्र मात्र नोकरी मिळवून देऊ शकते.

प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांतली बोगस प्रमाणपत्रे राज्यात उघडकीस आल्यापासून ही तपासणी कडक झाली आहे, आणि प्रामाणिक खेळाडूच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. मूळ प्रमाणपत्रासोबत स्पर्धेची प्रवेशिका, संघाची यादी, निकालपत्र आणि त्या स्पर्धेत नेमके किती संघ होते याचा पुरावा जपून ठेवावा. नावातला फरक हे अर्ज अडकण्याचे नेहमीचे कारण आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या पद्धतीने आणि संघटनेच्या कारकुनाने घाईत लिहिलेल्या प्रमाणपत्रावर तिसऱ्याच पद्धतीने असते. हा फरक स्पर्धा संपल्याच्या आठवड्यात दुरुस्त होऊ शकतो. आठ वर्षांनी संघटनेचे पदाधिकारी बदलतात, जुन्या नोंदी सापडत नाहीत, आणि भरतीची मुदत कोणासाठी थांबत नाही. औंढ्याच्या खेळाडूने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात, म्हणजे हिंगोलीला, दरवर्षी एक फेरी मारून आपली नोंद आणि नियमांतले बदल पाहून यावेत.

हिंगोलीतच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे जिल्ह्यातल्या मुलांना ही भरती घराजवळची वाटते. रेल्वे, सैन्यदल, बँका, तेल कंपन्या आणि काही खासगी उद्योगही खेळाडू घेतात. अशा नोकरीत असताना लीग खेळायची असेल तर खात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. तोंडी ‘जा, खेळून ये’ म्हणणारे साहेब बदलून जातात आणि गैरहजेरीची नोंद मागे राहते. दुसरी गोष्ट, खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी खेळ थांबल्यावर साधी नोकरी होते. खात्यांतर्गत परीक्षा, संगणक, नियमपुस्तिका यांकडे पाठ फिरवलेला माणूस त्याच पदावर राहतो आणि त्याच्यानंतर आलेले पुढे जातात. पदवी अपुरी असेल तर मुक्त विद्यापीठातून ती खेळतानाच पूर्ण करावी.

निवृत्तिवेतनाबाबत मात्र गैरसमज फार आहेत. केंद्र शासनाची गुणवंत खेळाडूंसाठीची निवृत्तिवेतन योजना केवळ आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांसाठी आहे. वयाची ३० वर्षे पूर्ण आणि सक्रिय खेळातून निवृत्ती या तिच्या अटी आहेत. ऑलिंपिक पदकविजेत्याला दरमहा २० हजार आणि आशियाई किंवा राष्ट्रकुल सुवर्णविजेत्याला १४ हजार असे तिचे दर २०१८मध्ये ठरले. राज्य आणि राष्ट्रीय स्तरावर थांबलेल्या खेळाडूला तिचा उपयोग नाही. क्रिकेटमध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे निवृत्तिवेतन असते, तरी तेही संसाराला पुरतेच असे नाही. विनोद कांबळी यांनी २०२२मध्ये मंडळाचे दरमहा ३० हजार हेच आपले उत्पन्न असल्याचे सांगून जाहीरपणे काम मागितले होते. कबड्डी-खो-खोच्या सामान्य लीग खेळाडूला तेवढेही संरक्षण नाही. ही व्यवस्था अन्यायकारक आहे. पण ती बदलेपर्यंत खेळाडूने ती जशी आहे तशी धरूनच आपला हिशेब मांडावा.

शिकवणे, पंचगिरी आणि अकादमी

प्रशिक्षक होणे ही बहुतेक खेळाडूंची पहिली इच्छा असते. कबड्डीपटू अनुप कुमार यांनी डिसेंबर २०१८मध्ये निवृत्ती घेतली आणि पुढच्याच हंगामात ते पुणेरी पलटणचे प्रशिक्षक होते. पण लीगमधल्या प्रशिक्षकांच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतात. खाली शाळा, महाविद्यालये, क्रीडा प्रबोधिनी आणि खासगी अकादमींत कामे आहेत. तिथे ‘मी भारताकडून खेळलो’ एवढे पुरत नाही. कागदावर पात्रता लागते. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका ही देशभर मानली जाणारी पात्रता आहे. तिथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचा बीपीएड लागतो. हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्यामुळे पदवी आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा या दोन्हींचे दार तिथूनच उघडते.

केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘रीसेट’ नावाचा कार्यक्रम खास निवृत्त खेळाडूंसाठी सुरू केला. वय २० ते ५०, आणि शिक्षणाप्रमाणे दोन स्तर : बारावी किंवा त्यापुढचे, आणि अकरावी किंवा त्याखालचे. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था तो चालवते. बराचसा अभ्यास ऑनलाइन, सवडीने करता येतो. दहावीनंतर खेळासाठी शाळा सुटलेल्या ग्रामीण खेळाडूलाही त्यात जागा ठेवली आहे, ही या योजनेची मोठी जमेची बाजू. तिची माहिती तालुक्यापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. जुन्या खेळाडूंच्या मंडळांनी ती पोहोचवावी.

पंचगिरीकडे मुले दुय्यम काम म्हणून पाहतात, ते चूक आहे. राज्य संघटनेची पंच परीक्षा देऊन जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या चढता येतात. गुडघा गेलेल्या चढाईपटूलाही मैदानात राहण्याचा तो सन्मानाचा मार्ग आहे. नोकरी सांभाळून तो करता येतो, मात्र पूर्णवेळ उत्पन्न त्यातून निघत नाही.

स्वतःची अकादमी काढण्याचा विचार औंढा, कळमनुरी, सेनगाव अशा भागात करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. कापूस-सोयाबीनच्या भावावर घर चालवणारा शेतकरी मुलाच्या कबड्डीसाठी दरमहा शुल्क देईल, ही अपेक्षा धरता येत नाही. पोलीस भरतीसाठी मात्र तो देतो. मराठवाड्यात भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकादमी गावोगाव निघाल्या त्या यामुळेच. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मुलींना ८०० मीटर. राखीव बलासाठी मुलांना ५ किलोमीटर धावावे लागते. हे शास्त्रशुद्ध शिकवण्याची कुवत निवृत्त खेळाडूत इतर कोणाहूनही जास्त असते. धावताना टाच कशी पडते, गोळा सुटताना कंबर कुठे असते, दुखापत झालेल्या मुलाला कधी थांबवायचे, हे त्याला शरीरानेच ठाऊक असते. सकाळी भरतीचा वर्ग, संध्याकाळी लहान मुलांची कबड्डी किंवा खो-खो, आणि लेखी परीक्षेसाठी एखादा शिक्षक भागीदार : या मांडणीत वर्गाच्या शुल्कावर खेळ तगतो. मैदानासाठी तालुका क्रीडा संकुल किंवा शाळेशी लेखी करार करावा. संस्था नोंदवली, हिशेब तपासून घेतले तर व्यायामशाळा आणि क्रीडांगण अनुदानाच्या योजनांना अर्ज करता येतो. खेलो इंडिया केंद्रांच्या योजनेत माजी विजेत्या खेळाडूंना मानधनाची तरतूद आहे. अनुदान मात्र उशिरा येते. ते आल्याशिवाय अकादमी चालणारच नसेल, तर ती सुरू करू नये.

एजंट : नेमके काम कोणते?

एजंट म्हणजे खेळाडूच्या वतीने संघाशी, जाहिरातदाराशी, आयोजकाशी बोलणी करणारा आणि त्याबद्दल ठरलेला मोबदला घेणारा माणूस. त्याची नेमणूक खेळाडू करतो, आणि हे नाते उलटे झाले की नुकसान सुरू होते. जागतिक बास्केटबॉल संघटना फिबा एजंटांना परवाना देते आणि मोबदल्यावर १० टक्क्यांची मर्यादा घालते. पगार थकला तर खेळाडूला दाद मागण्यासाठी २००७पासून जिनिव्हाला लवाद आहे. फुटबॉलच्या फिफाने २०२३पासून एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना पुन्हा सक्तीचा केला. भारतात क्रीडा एजंटांसाठी वेगळा परवाना कायदा नाही. कबड्डीत किंवा खो-खोत एखादा माणूस स्वतःला एजंट म्हणवतो तेव्हा ते त्याचेच म्हणणे असते. पुष्कळदा तो जुना खेळाडू, खुल्या स्पर्धांचा आयोजक किंवा प्रशिक्षकाचा नातलग असतो. तो भला असू शकतो, पण त्याचा भलेपणा कागदावर उतरलेला असावा.

कबड्डीच्या लीगमध्ये किंमत लिलावात ठरते. बोली संघ लावतात. एजंटाच्या बोलण्याने ती वाढत नाही. त्यामुळे लिलावाच्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याला, नेमके कोणते काम करून ती मागतोस, हे विचारावे. जाहिरात, बुटांचा करार, उद्घाटनाचे मानधन, परदेशी संघाशी बोलणी ही कामे त्याने आणून दिली तर त्या रकमेवर वाटा देणे योग्य आहे. प्रशिक्षक आणि एजंट एकच माणूस असू नये, कारण संघात कोणाला खेळवायचे हे ठरवणाऱ्याचा एखाद्याच्या कमाईत वाटा असणे धोक्याचे आहे.

करार किती बांधून ठेवू शकतो, याचा निर्णय एका मराठी मुलखातल्या खेळाडूच्या खटल्यातच लागला आहे. श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांनी नोव्हेंबर २०००मध्ये ‘पर्सेप्ट डीमार्क’ या कंपनीशी तीन वर्षांचा व्यवस्थापन करार केला. त्यात एक कलम असे होते की, करार संपल्यावर दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव आला तर तो आधी पर्सेप्टला दाखवायचा आणि तेवढीच रक्कम देण्याची संधी तिला द्यायची. २००३मध्ये मुदत संपली आणि झहीर टेनिसपटू महेश भूपती यांच्या ‘ग्लोबोस्पोर्ट’कडे गेले. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एकसदस्यीय पीठाने तिच्या बाजूने मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २२ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७नुसार व्यवसायावर निर्बंध घालणारा करार पोकळ ठरतो आणि मुदत संपल्यानंतर खेळाडूला बांधून ठेवणारी अट त्यातच मोडते, असे न्यायालयाने सांगितले. ‘सही केलीस, आता जन्मभर माझ्याकडेच’ असे म्हणणाऱ्या एजंटापुढे हा निकाल ठेवता येतो. मुदत चालू असतानाच्या अटी मात्र बांधील असतात, म्हणून मुदतच लहान ठेवावी. पहिल्या करारासाठी एक हंगाम पुरेसा आहे.

करार बहुधा इंग्रजीत येतो. हिंगोली किंवा वसमतच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणाकडूनही तो मराठीत समजावून घ्यायला लागणारा खर्च करारातल्या एका चुकीच्या ओळीपेक्षा खूप कमी असतो. टक्केवारी एकूण रकमेवर आहे की कर वजा जाता हातात येणाऱ्या रकमेवर, हे पाहावे. पैसे संघाकडून थेट खेळाडूच्या खात्यात यावेत आणि एजंटाचा वाटा त्याने पावती घेऊन द्यावा. एजंटाच्या खात्यातून ‘तुझा हिस्सा’ म्हणून येणारा पैसा स्वीकारू नये. सर्व व्यवहारांचे मुखत्यारपत्र देऊ नये. आपोआप नूतनीकरणाचे कलम काढून टाकायला सांगावे. वाद झाल्यास कोणत्या शहरात दाद मागायची हे कलम शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते आणि तिथे बहुधा दिल्ली किंवा मुंबई असते. औंढ्याच्या माणसाला तिथल्या तारखा परवडत नाहीत. कोऱ्या बाँडवर, कोऱ्या धनादेशावर सही कोणाच्याही भिडेपोटी करू नये, तो गुरू असला तरी. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने मुळातच टिकत नाही. तसा करार पुढे करणारा एजंट एक तर अज्ञानी असतो किंवा अप्रामाणिक.

संघाशी होणाऱ्या करारात दुखापतीचे कलम सर्वात महत्त्वाचे. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, हंगाम संपल्यावरही फिजिओथेरपी मिळणार का, उरलेल्या सामन्यांचे पैसे मिळणार का, हे लेखी असावे. तब्येतीचे अहवाल आणि एमआरआयच्या प्रती खेळाडूकडे असाव्यात. एजंटाने किंवा मित्राने दिलेली शक्तिवर्धक पावडर डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नये. चाचणीत सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी नियमाप्रमाणे खेळाडूवरच येते.

चांगला एजंट कारकीर्द घडवतो, हेही खरे आहे. सचिन तेंडुलकर यांच्याशी मार्क मस्कारेन्हस यांच्या ‘वर्ल्डटेल’ने १९९५मध्ये केलेल्या करारानंतर भारतीय खेळाडूच्या जाहिरात-मूल्याची सगळी मोजपट्टीच बदलली. मस्कारेन्हस यांचे २००२मध्ये नागपूरजवळ मोटार अपघातात निधन झाले. पुढे तेंडुलकर यांनी २०१६मध्ये स्वतःचीच व्यवस्थापन कंपनी काढली. खेळाडूने एजंटाच्या खुर्चीत बसणे हीदेखील दुसरी कारकीर्द होऊ शकते. भूपती यांनी खेळत असतानाच ती सुरू केली. शिकागो बुल्सबरोबर तीन विजेतेपदे मिळवलेले बी. जे. आर्मस्ट्राँग पुढे नामांकित एजंट झाले. या कामासाठी विधी शाखेची पदवी फार उपयोगी पडते. करार कायदा, कर आणि इंग्रजी पत्रव्यवहार यांना पर्याय नाही. मराठवाड्यात कायदा शिकलेला निवृत्त खेळाडू एजंट म्हणून उभा राहिला तर शेकडो मुलांना तो हवाच आहे. अशा माणसाची इथे खरोखर उणीव आहे. निवृत्त झालेल्या सामान्य खेळाडूला मात्र एजंटाची गरज क्वचितच उरते. त्याला वकील आणि सनदी लेखापाल पुरतात.

पैसा कुठे जातो

टिम डंकन हे एनबीएचे अत्यंत संयमी, साधे राहणारे खेळाडू. तरी त्यांचे २ कोटी डॉलरहून अधिक नुकसान आर्थिक सल्लागाराने केले. तो सल्लागार २०१७मध्ये दोषी ठरून तुरुंगात गेला. डंकन यांच्यासारख्या माणसाबाबत हे घडते, तर एकाच वर्षी दहा-वीस लाख रुपये पाहणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलाबाबत किती सहज घडेल! पहिल्या बोलीचे पैसे आले की गावात चारचाकी येते, बहिणीच्या लग्नाचा मांडव मोठा होतो, बोअर घेतला जातो, भावकीतला कोणी दामदुप्पट योजना घेऊन येतो. घर आणि लग्न यांना नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. मात्र त्याआधी दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवावा, कर्ज फेडावे, आणि पंधरा वर्षे मुदतीच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत दरवर्षी जमेल ती रक्कम टाकावी. तेविसाव्या वर्षी उघडलेले ते खाते अडतिसाव्या वर्षी, म्हणजे खेळ थांबून काही वर्षे झाल्यावर पूर्ण होते. सल्लागार सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

संघ पैसे देताना कर कापतो. तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे आयकराच्या संकेतस्थळावर पाहून दरवर्षी विवरणपत्र भरावे. उत्पन्न मर्यादेत असेल तर कापलेली रक्कम परत मिळते, आणि विवरणपत्र न भरल्यामुळे हक्काचा परतावा सोडणारे खेळाडू थोडे नाहीत. हीच विवरणपत्रे पुढे अकादमीसाठी कर्ज मागताना बँक पहिल्यांदा विचारते. चालू हंगामाचा करार ज्यांच्या हातात आहे, त्यांनी तो सही करण्याआधी वकिलाला दाखवावा, आणि जुनी प्रमाणपत्रे या महिन्यातच पडताळणीला द्यावीत.